उन्हात ठेवलेले सेल

मंगळवारी दुपारी माझी ताई वारली. आई नांदेडच्या दवाखान्यात तिच्याजवळ होती. बाबा औषध आणायला खाली गेले होते. मी डोंगरकड्याला, शाळेत होतो.

ताईला कावीळ झाली होती. दवाखान्यातून तिची पिशवी घरी आली. तिच्यात कपडे होते, स्टीलचा डबा होता आणि टॉवेलात गुंडाळलेला ब्रिक गेम होता.

ब्रिक गेम म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. हातात मावणारं प्लास्टिकचं यंत्र, राखाडी पडदा आणि त्यावर काळ्या चौकोनांची चित्रं. खोक्यावर हजारो खेळ असल्याचं छापलेलं असे. आमच्या घरी एकच खेळला जाई, गाड्यांच्या शर्यतीचा. आपली गाडी खाली असते, समोरच्या गाड्या वरून उतरत येतात, आपण सरकून त्या चुकवायच्या. ताईनं तो हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणला होता, ब्लाउज शिवून मिळालेल्या पैशांतून. गाडी आदळली की यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असा आमचा नियम होता. मला ते द्यावं लागे आणि मग बराच वेळ परत मिळत नसे.

"बंडी हाकून राहिलास काय रे? समोर बघ की," ताई म्हणायची.

"समोरच बघून राहिलो."

"गाडी आल्यावर बघतोस तू. यायच्या आधी बघावं लागतं, बावळ्या."

घरातलं सगळं उरकल्यावर, पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली हट्टा गावची आत्या परत गेल्यावर, मी ते यंत्र सुरू केलं. वरच्या कोपऱ्यात आजवरचे सर्वांत जास्त गुण दिसत. तिथला आकडा मी कधीच पाहिलेला नव्हता. घरात आम्हां दोघांपैकी कुणीही केलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तो खूप मोठा होता. म्हणजे ती दवाखान्यात खेळली होती. त्या खाटेवर ती कधीतरी इतकं लांब गेली होती आणि ते कुणी पाहिलं नव्हतं.

हा आकडा यंत्रात सेल असेपर्यंतच राहतो. सेल काढले की सगळं पुसलं जातं आणि कोपऱ्यात शून्य येतं. हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. आता फक्त मला.

मी खेळणं बंद केलं. खेळलं की सेल संपतात. शाळेतून आलो की क्षणभर सुरू करायचं, आकडा बघायचा आणि बंद करायचं. तो लिहून ठेवावा असं मनात आलं नाही. पडदा हळूहळू फिका पडत गेला. पुढे यंत्र तिरकं धरल्याशिवाय अंक दिसेनात. मी ओसरीत बसून ते डोळ्यांसमोर कलतं धरायचो आणि आई शेंगा निवडता निवडता माझ्याकडे बघायची.

बारावीला मी हिंगोलीत खोली करून राहिलो. यंत्र घरीच ठेवलं, ताईच्या शिलाई मशीनच्या खणात. प्रवासात धक्का लागून सेल हलतील, अशी मला भीती होती. शनिवारी घरी येऊन ते तिरकं धरायचो आणि आकडा असायचा.

आमच्याकडे सेल टाकून देत नसत. रेडिओचे असोत की बॅटरीचे, मंद झाले की आई ते माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हात ठेवी. तापले की थोडे दिवस आणखी चालत. पुन्हा मंद झाले की पुन्हा ऊन. कुरडया वाळत घातल्या की त्यांच्या कडेला सेलही असत, हे लहानपणापासूनचं चित्र होतं.

अशाच एका शनिवारी मी आलो तेव्हा आई दारातच हसली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

"तुझ्या त्या खेळाचे सेल उन्हात ठेवलेत मी. किती तिरकं करून बघतोस, डोळे जातील. आता दिसंल बराबर."

मी माळवदावर गेलो. कुरडयांच्या चादरीच्या टोकाला दोन पेन्सिल सेल पडलेले होते. उचलले तर हाताला ऊब लागली. खाली येऊन ते यंत्रात घातले. पडदा उमटला, काळा, स्वच्छ. कोपऱ्यात शून्य होतं.

"काहून रे? न्हाई चाललं?"

"चाललं की."

"मग खेळ. किती दिवस झाले, खेळलाच न्हाईस."

ती समोर येऊन बसली, म्हणून मी खेळलो. गाडी आदळली. पुन्हा खेळलो, पुन्हा आदळली.

"तिचा हात हलका व्हता," आई म्हणाली. "दवाखान्यात खेळून राहिली व्हती. मला म्हणली, आई बघ, आजपर्यंत कुणाचं झालं न्हाई एवढं झालं. मला काय कळतंय त्यातलं? दम लागला व्हता तिला. मी म्हणलं, झोप आता, आन् हातातून काढून घेतलं."

"मग?"

"मग काय? म्हणली, आई, माझी गाडी चालूच व्हती की."

आई पदरानं तोंड पुसून आत गेली. तिच्या हातून यंत्रातलं काय पुसलं गेलं ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही नाही. ती गाडी कुणीतरी पाहिली होती, एवढंच मी मनाशी धरून बसलो.

पुढे हिंगोलीत एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि मी जुने शर्यतीचे खेळ जमवू लागलो. टीव्हीला जोडायच्या खेळांच्या कॅसेटी, ब्रिक गेम, चावी देऊन चालणारी स्टिअरिंगची खेळणी. आठवडी बाजारात भंगारवाले गोणपाटावर मांडून बसतात, तिथं बरेच मिळाले. पुण्याचे एक संग्राहक फोनवर भाव समजावून सांगतात. खोकं असेल तर किंमत, कॅसेटीवरचं चित्र शाबूत असेल तर किंमत, सेलचा कप्पा गंजलेला असेल तर काही नाही. सेल आत विसरलेले असतात तेच सगळ्यात वाईट, असं ते म्हणतात. मी मात्र कप्पा उघडायच्या आधी यंत्र सुरू करून पाहतो.

एकदा कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर, गल्ल्याजवळ, तसाच एक ब्रिक गेम दिसला. सुरू केला. कोपऱ्यात कुणाचा तरी आकडा होता.

"कुणी खेळतं का हा?"

"भाऊ खेळायचा. आता सुरतेला असतो तो. न्या, तुमाला पायजे तर."

मी हो म्हणेपर्यंत मालकानं झाकण सरकवून सेल काढले.

"अहो, राहू द्या की! सेलचे पैसे वेगळे घ्या."

"अजून चांगले हायेत साहेब. घड्याळाला लागतेत मला." त्यानं मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही."

तो खेळ मी घेतला. संग्रहात आहे. त्याचा कप्पा स्वच्छ आहे आणि त्याला चांगली किंमत येईल.

ताईच्या आकड्यातले पहिले दोन अंक मला आठवतात. पुढचे कधी आठवतात असं वाटतं, आणि मग ते माझ्याच कुठल्यातरी खेळातले निघतात. आई आता थकली आहे. अजूनही ती सेल उन्हात ठेवते.

शिलाई मशीनच्या खणात ताईचं यंत्र आहे. शेजारी ते दोन सेल आहेत. ते आता चालत नाहीत.