फोन लागला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आम्हा जैनांमध्ये संवत्सरीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणायची रीत आहे — कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. मी दरवर्षी म्हणते. शैलाला तर न चुकता म्हणते. पण कशाबद्दल, ते कधी बोललेले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. हे काही फार चांगलं कारण नाही, मला कळतं.

शैला लोणीची, शेतकऱ्याची मुलगी. मी मंचरची, वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान. शाळेत मुलींची सॉफ्टबॉलची टीम निघाली तेव्हा ती पिचर झाली आणि मी कॅचर — म्हणजे तिने चेंडू टाकायचा आणि मी बॅटवालीच्या मागे उकिडवं बसून तो झेलायचा. शैलाचा चेंडू फक्त मलाच झेलता येतो, असं मी सगळीकडे सांगत फिरायचे. दुसऱ्या कुणाला मी कधी झेलू दिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बारावीला असताना ती कांद्याच्या ट्रॉलीवरून पडली. उजव्या खांद्यावर. हाड बसवणाऱ्याकडे नेलं, त्याने ओढून बसवलं, पट्टा बांधला, आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. पण चेंडू कसा येतोय हे सगळ्यात आधी कॅचरच्या तळहाताला कळतं. पूर्वी तिचे चेंडू झेलून माझा हात संध्याकाळपर्यंत हुळहुळायचा. आता काहीच होत नव्हतं.

आमच्या खेळाच्या सरांची तोवर बदली झाली होती. तिच्यासाठी धावपळ करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी केली. हे खरंच केलं — एवढं तरी मला म्हणू द्या. पुण्यातलं एक कॉलेज खेळणाऱ्या मुलींना घेतं, होस्टेलवर ठेवतं, हे मीच शोधून काढलं. लोणीला जाऊन तिच्या वडिलांना गळ घातली. ते म्हणाले, “शेठची पोर संगं हाय म्हणल्यावर आमी काय बोलायचं? जाऊ द्या.” लोक म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

पुण्यात निवडीच्या दिवशी मैदानावर मी जीव तोडून झेलले. तिचा नेम चुकलेला दिसू नये म्हणून बाहेर चाललेला चेंडू हळूच आत ओढून घेतला, तिला झेपतील तेवढेच चेंडू बोटांनी खुणावले. तिथल्या सरांनी सगळं पाहिलं आणि शेवटी तिला म्हणाले, हात सरळ वर कर. हात कानापर्यंत गेला आणि थांबला. जाताना सर मला म्हणाले, शनिवारी फोन करा.

शैलाच्या घरी फोन नव्हता. कुठेही नंबर द्यायचा तर ती आमच्या दुकानाचा द्यायची. आणि स्वतः फोनवर बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. “तूच लाव गं. मला न्हाई बोलता येत त्यात.”

मी लावला. शनिवारी. वडील जेवायला घरी गेले होते.

— इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. एवढ्या वर्षांनी हात का थांबावा?

फोन लागला. पहिल्याच झटक्यात लागला, आणि तेव्हा पुण्याचा फोन असा लागणं म्हणजे नशीबच. सर म्हणाले, पिचरला घेऊन या. खांदा वाईट आहे, पण आमचे डॉक्टर आहेत, ते बघतील. वर्षभर खेळली नाही तरी चालेल. मात्र सोमवारपर्यंत या, एक मुलगी वाट बघत थांबली आहे.

मी विचारलं, “आणि मी, सर?”

“तुम्ही कोण?”

“कॅचर.”

“हां हां. तुम्हीच घेऊन या तिला.”

बस, इतकंच. सर मला टाकून बोलले नाहीत, त्यांनी हाकललं नाही. मला त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि खरं सांगू? मला घेतलं असतं तरी घरून सोडलं नसतं, माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. मग मला एवढं झोंबलं कशाला? जे माझं होणारच नव्हतं ते तिचं झालं, म्हणून? हो. म्हणूनच.

दुपारी ती आली. वडिलांबरोबर कांदा घेऊन बाजारात आली होती, तिथून पळतच आली असावी. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने विचारलं, “लागला का गं?”

मी म्हणाले, “नाही लागला.”

बघा, किती साधं होतं. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तेव्हा फोन लागायचेच नाहीत. कधी एंगेज, कधी लाइन बंद. ती पायरीवर बसली. मी तिच्यासमोर पुन्हा नंबर फिरवला — एक आकडा मुद्दाम चुकवून — आणि रिसीव्हर कानाला लावून मान हलवली. रविवारीही तिने लोणीहून एसटीने येऊन विचारलं, आणि मी तेच सांगितलं. सोमवारी ती म्हणाली, आपण सरळ जाऊनच येऊ का? मी म्हणाले, न बोलावता गेलेलं बरं दिसत नाही. मंगळवारी मी सांगितलं, लागला एकदाचा, पण जागा भरली. आणि हे तर खरंच होतं. तोवर खरं झालं होतं.

मी मनाला सांगून पाहिलं की तो खांदा घेऊन ती खेळली असती तर कायमची अधू झाली असती. पण डॉक्टर बघतील, असं सर म्हणाले होते. ते मी ऐकलं होतं.

तिचं लग्न आळेफाट्याला झालं, माझं नारायणगावला. तिचं आणि नवऱ्याचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे. चांगलं चालतं, ती हसतमुख आहे, माझ्या मनाला बोचावी अशी रडकथा तिने कधी गायली नाही. पण उजवा हात अजून कानाशीच थांबतो. वरच्या फळीवरचा डबा ती डाव्या हाताने काढते. मुलीच्या वेण्या घालायच्या तर मुलीला खाली बसवते आणि स्वतः उभी राहते. मी गेले की गिऱ्हाइकांना सांगते, “ही माझी कॅचर. माज्यासाठी लई पळली बिचारी. आता फोनच लागला न्हाई, त्याला ती काय करणार?” आणि मला मिसळीचे पैसे देऊ देत नाही. मी खाते. दरवेळी खाते.

यंदा संवत्सरीला मी ठरवलं, तिला फोन करायचा नाही. कशाबद्दल ते न सांगता क्षमा मागायची म्हणजे तिलाच फसवायचं, तेही सणाच्या दिवशी. तेवढं एक तरी बंद करू, असं वाटलं. दिवसभर मोबाईल या खोलीतून त्या खोलीत नेत राहिले.

संध्याकाळी तिचाच आला. मागे भांड्यांचा आवाज, एसटीचा हॉर्न. “काय गं, यंदा माफी न्हाई मागितली? दिवसभर वाट बघितली. मग म्हणलं, फोन लागला नसंल तुझा.”

मी म्हणाले, “हो गं. नाही लागला.”