चुलीवरच्या शिंक्यातले पतंग

ऐंशी सालाच्या आसपास मी वसईकडच्या कामण-नंदाखालच्या खेपा घातल्या, त्या हौस म्हणून नव्हे. एका काळ्या पतंगानं माझी झोप उडवली होती. कामणच्या वीटभट्टीजवळ आंब्याच्या खोडांवर काळेकुट्ट पतंग बसत. तेच नंदाखालच्या वाड्यांत फिकट करडे. मी म्हणायचो, हा रंग आईबापांकडून आलेला. आमचे सर म्हणाले, "काजळी आहे ती! स्वच्छ जागी पिल्लं वाढवून दाखव, मग बोल." एमएस्सीचा प्रबंध तिथंच अडकला.

पहिल्या खेपेला वसईहून एस.टी.नं कामण गाठलं. बसची वेळ ड्रायव्हरलाही ठाऊक नसायची, त्यामुळे दुपारचा डबा बरोबर हवाच. एक काळी मादी डबीत पकडली आणि नंदाखालच्या स्वच्छ हवेत नेताना आगाशीपर्यंत दहादा तरी झाकण किलकिलं करून पाहिलं. बसमधले शेजारचे आजोबा म्हणाले, "तपकीर हाय का? मला बी दे चिमूटभर!"

नंदाखालला माझ्या मित्राची आई, सेलीनमावशी, राहायची. तिच्याकडे पोचेपर्यंत डबीत अंडी पडली होती. मला परीक्षेसाठी परतायचं होतं. अंडी खोक्यात ठेवून तिच्या हवाली केली. "अळ्या निघाल्या की एरंडाची पानं घाल. जिवापाड जप हं!" एवढंच सांगितलं. घाई नडते ती अशी.

महिना-सव्वा महिन्यानं तिचं पोस्टकार्ड आलं, 'पाखरं निघाली, ये.' विरारहून आगाशीची बस धरली, पुढे केळीच्या वाड्यांमधून पायी. तुम्ही जाल तेव्हा सावकाश चाला, आगाशीच्या बाजारात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्या. मी मात्र पळतच सुटलो होतो.

खोकं कुठं होतं? चुलीवर, शिंक्यात! खोक्यावर बांधलेल्या मलमलीला बोट लावलं तर बोट काळं.

"मावशी, वाट लावलीस गं माझी!"

"अरे, खाली मुंग्या लागल्या असत्या. जप म्हणालास ना? आमच्यात बी-बियाणं, सुकेळी, जपायचं ते सगळं चुलीवरच."

आतले पतंग काळे होते. पण आता सर पुन्हा काजळीच म्हणणार! माझं डोकं फिरलं, नको नको ते बोललो तिला.

मावशी उठली आणि फडताळातून एक बरणी घेऊन आली. "तू आणखी चिडशील म्हणून दाखवत नव्हते. ही चार त्याच खोक्यात पांढुरकी निघाली. आजारी असतील, म्हणून वेगळी ठेवली."

मी बरणी खोक्याजवळ नेऊन धरली. आई एक, खोकं एक, धूर एक, आणि भावंडं काही काळी, काही फिकट! काजळीचा रंग असता तर ही चार कशी सुटली असती? मी आनंदानं ओरडलो. तिला वाटलं, पुन्हा चिडला.

दादरला घरी पोचलो तेव्हा पिशवीत बरणी होती आणि तिनं कोंबलेली सुकेळी. सरांनी मान्य केलं. प्रबंधात मी ऐटीत लिहिलं, 'अळ्या मुद्दाम धुरात वाढवल्या.' मुद्दाम म्हणे! आभाराच्या पानावर सर आहेत, कॉलेज आहे, वडील आहेत. सेलीनमावशी नाही. त्या दिवशी तिला जे बोललो, त्याची माफीही राहूनच गेली.