देव्हाऱ्यातला कॅमेरा

"हे काय आहे, भाऊ?"

"आमचा देव होता जी," तो म्हणाला. "आता नाई."

देवळीचा बाजार होता. पोत्यावर कंदील, कुलपं, एक पितळी गडवा आणि मधोमध विटेएवढी पेटी. शेंदूर-कुंकवाची पुटं चढून लालभडक झालेली. विकणाऱ्याचं नाव पुंडलिक. त्याचा बाप जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाकडे चपराशी होता. साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याने ही पेटी बापाला देऊन टाकली. साहेबाची वस्तू म्हणून बापाने ती देव्हाऱ्यात ठेवली. दरवर्षी दसऱ्याला हळद, कुंकू, आपट्याची पानं, सगळं रीतसर व्हायचं.

छप्पन सालच्या दसऱ्याला पुंडलिकचं घर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलं. बाकीचे देव नदीत गेले. "पेटी पाण्यात टाकाले माय नाई म्हणे," तो म्हणाला. "म्हून बाजारात आणली."

मी वर्ध्याच्या एका फोटो स्टुडिओत मेकॅनिक होतो. साहेबलोक गेले आणि त्यांचं सामान खानसाम्यांच्या, ड्रायव्हरांच्या घरांतून हळूहळू बाजारात येऊ लागलं. त्यात कधीमधी कॅमेरा निघायचा. तो शोधणं हेही माझं काम. पण त्या दिवशीची गोष्ट वेगळी होती. आमचा बाहेरच्या कामाचा एकुलता एक कॅमेरा बैलगाडीतून पडून फुटला होता. दुसऱ्या दिवशी केळझरकडच्या एका मालगुजाराच्या मुलीचं लग्न. आमचे मालक, त्यांना सगळे भय्याजी म्हणायचे, सकाळी मला एवढंच बोलले होते, "कॅमेरा नाई आणला तं लग्न जाते. अन् लग्न गेलं तं तूबी दुकानात येऊ नको, वसंता." माझं नुकतंच लग्न झालेलं. सासरे तालेवार होते आणि जावई कामाला आहे हे गावभर सांगून बसले होते.

मी पेटी हातात घेतली. नखाने कुंकू खरवडलं. खाली एक बारीक बटण लागलं. दाबलं, तसा पुढचा दरवाजा खट्‌कन पडला आणि आतून भाता, काच, सगळं बाहेर आलं.

पुंडलिक मागे सरकला. "बाप्पा! हे उघडते?"

"उघडते ना."

"म्हंजे आमी इतके वर्सं बंद दरवाजाले पुजून राह्यलो होतो!"

मी शेजारच्या धनगराची घोंगडी मागून घेतली आणि डोक्यावर ओढली. घडीच्या कॅमेऱ्यात काच आणि फिल्म यांच्या मधे चामड्याचा भाता असतो. त्याला सुईएवढं भोक असलं तरी उजेड शिरतो आणि नवरीच्या तोंडावर पांढरा पट्टा येतो. म्हणून अंधारात भात्याच्या आत बॅटरी लावून पाहायचं. भोक असेल तिथे चांदणी दिसते.

बाहेर कोणी विचारलं, "काय झालं जी याले? थंडी वाजून आली का?"

"नाई, कॅमेरा पाहून राह्यला."

"घोंगडीत?"

एकही चांदणी नव्हती. काच तर कोऱ्या आरशासारखी. देव्हाऱ्यात बसल्यापासून दरवाजा उघडलाच नाही म्हटल्यावर ओरखडा कुठून येणार? शटर, म्हणजे काचेमागची क्षणभर उघडणारी पाकळी, तेवढं हळू चालवलं की अडखळत होतं. पेट्रोलच्या एका थेंबाचं काम. घोंगडीत मला हसू आवरेना. तोंड वाकडं करून मग बाहेर आलो.

कारण आमच्या धंद्याची रीतच तशी. घेणाऱ्याने नावं ठेवायची, विकणाऱ्याने कौतुक करायचं, मधे कुठेतरी सौदा पटतो. बैलबाजारात काही वेगळं चालत नाही.

"भाता सडला," मी म्हणालो. "काचेत बुरशी. शटर मेलं. कुंकवानं चामडं खाल्लं. पण आलोच आहो तं घेऊन जातो."

आता त्याने कौतुक करायचं. त्याने मात्र पेटी माझ्या हातातून घेतली आणि फडक्यात गुंडाळायला लागला.

"मंग इकत नाई."

"काऊन?"

"खराब माल कोणाच्या गळ्यात कायले मारू जी? नागपूरले वचनं घेतली. खोटं बोलाचं नाई, त्यातलंच एक हाये. विहिरीत टाकतो."

मी फडकं धरलं. "थांब भाऊ! चांगला आहे तो."

"आताच तं मेला म्हणे."

"ते सौद्यासाठी."

"म्हंजे तुमी खोटं बोलले."

"हो."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "बरं," तो म्हणाला, "मंग आता खरं सांगा."

सांगितलं. काचेपासून शटरपर्यंत सगळं. साऱ्या जिल्ह्यात असा दुसरा सापडायचा नाही, हेही सांगून बसलो.

"मंग तं बिलकुलच नाई इकत."

बाजार खदखदून हसला. मी मग त्याला लग्न, भय्याजी, सासरे, सगळंच सांगितलं. लाज सोडून सांगितलं. 

"देत नाई," शेवटी तो म्हणाला. "पन घेऊन येतो. कॅमेरा राहीन माह्याच हातात."

दुकानात भय्याजींनी त्याला वरून खाली पाहिलं. "अबे, कॅमेरा आणाले धाडलं, तं तू माणूस घेऊन आला!" पण दुसरा इलाज नव्हता. मी शटर धुतलं, फिल्म भरली, कळ कशी दाबायची ते पुंडलिकला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी लग्नघरी मांडवाच्या तोंडाशीच कारभाऱ्याने अडवलं. "हे कोण?"

भय्याजी घाईने म्हणाले, "आमचा माणूस."

"नाई जी," पुंडलिक म्हणाला. "मी देवळीचा पुंडलिक. बौद्ध हावो. कॅमेरा माहा हाये."

भय्याजींनी डोळे मिटले. मला सासरे दिसायला लागले. मालगुजार स्वतः बाहेर आले. त्यांनी पुंडलिककडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग कलत्या उन्हाकडे पाहिलं. वरपक्ष फेटे बांधून ताटकळत उभा होता.

"ऊन चाललं," ते म्हणाले. "फोटो तं काढा."

सगळे अंगणात ओळीने उभे राहिले. मी अंतर लावलं, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट केला. पुंडलिकने कळीवर बोट ठेवलं. पाहिलं. मग मान वर केली.

"मालक, जरा मांगं सरका. तुमच्यानं नवरीची माय झाकली."

त्या गावात मालगुजारांना मागे सरक म्हणणारा तोवर जन्मला नव्हता. ते सरकले.

"आता कोणी हालू नका."

कोणी हललं नाही. पुंडलिकने कळ दाबायला बराच वेळ घेतला. फिल्मला एवढ्या वेळाची काही गरज नव्हती.

फोटो स्वच्छ आला. नवरीची माय पूर्ण दिसली. माझी नोकरी राहिली. भय्याजींचं देवळीकडचं काम मात्र गेलं, कारण पुंडलिकने तिकडे स्वतःच फोटो काढायला सुरुवात केली. त्याचा कॅमेरा दुरुस्तीला माझ्याकडेच यायचा.

धंद्यातला एक बदल मी केला. जुना कॅमेरा पाहताना आता खराब म्हणत नाही, चांगला म्हणत नाही. नुसता "हं" म्हणतो.