टोपीत न मावणारे केस

आमचे साहेब हेर ब्रांट यांनी लाल बटण दाबलं आणि पट्टा थांबला. दुपारच्या ऐन गर्दीत पट्टा कधी थांबवत नाहीत. वर विद्यार्थी जेवण संपवून ट्रे ठेवत असतात आणि ते पट्ट्यावरून खाली आमच्याकडे येतात. पट्टा थांबला की वर रांग लागते. तरी त्यांनी थांबवला.

"क्लारिस, ही टोपी आहे की डोक्यावर ठेवलेली बशी?" ते म्हणाले.

क्लारिसच्या हातात काट्याचमच्यांचा डबा होता, तो तिनं तसाच धरून ठेवला.

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला युनिव्हर्सिटीच्या मेन्सात काम करते. मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळ. इथं पुरुषाला हेर म्हणतात आणि बाईला फ्राऊ, आपल्या श्री आणि श्रीमतीसारखं. माझं काम भांड्यांचं. पट्ट्यावर दोघी लागतात. एक उष्टं आणि काटेचमचे काढते, दुसरी ताटं मशीनमध्ये लावते. ताटं मी लावते. माझ्या समोर सहसा एखादी विद्यार्थिनी असते, शिकता शिकता काम करणारी. त्या वर्षी क्लारिस होती. ती कॅमेरून देशातली, आफ्रिकेतली. मशीन बनवण्याचं काहीतरी शिकत होती. तिचं जर्मन हळू होतं आणि माझं मोडकं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

कामावर प्रत्येकानं हाउबं घालायचं असा नियम आहे. हाउबं म्हणजे रबर लावलेली पातळ कागदी टोपी. सगळे केस तिच्या आत पाहिजेत. क्लारिसच्या बारीक बारीक वेण्या होत्या, कमरेपर्यंत. ती त्या गुंडाळून वर बांधायची आणि त्यावर टोपी बसवायची. टोपी जेमतेम अर्ध्या केसांवर बसायची. इतके दिवस कोणी काही म्हटलं नव्हतं. पण आता स्वच्छतेची तपासणी येणार होती.

"सोमवारपासून सगळे केस आत," हेर ब्रांट म्हणाले. "नाहीतर कापून ये. नाहीतर शिफ्ट नाही. माझा नाइलाज आहे."

त्यांनी बटण दाबलं, पट्टा सुरू झाला. ते वाईट माणूस नाहीत. मागे माझा हात भाजला तेव्हा स्वतः गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेले होते. पण तपासणी आली की त्यांचा स्वभाव बदलतो.

शिफ्ट संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत क्लारिस बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "मामाँ, तुमच्याकडे कात्री आहे ना?"

ती मला मामाँ म्हणते. त्यांच्याकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तसंच म्हणतात. मी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, मिशीवाला. तेव्हापासून कधी कधी ती माझ्या ओठांकडे बघून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

कात्री माझ्या कपाटात होती. मी काढली, पण हातात दिली नाही. "कशाला हवी?" विचारलं.

"कापून टाकते. काम गेलं तर माझा व्हिसा वाढणार नाही. घरून कोणी काही पाठवू शकत नाही. आई दवाखान्यात आहे."

आई आजारी आहे हे मला माहीत होतं. रोज संध्याकाळी ती फोनवर आईशी बोलायची, एकमेकींना बघत. पण ती मांडीवर हात ठेवून पुढे जे म्हणाली ते मला माहीत नव्हतं. तिच्या भागात घरातलं माणूस गेलं की बायकासुद्धा डोकं भादरतात. शाळेतल्या मुलींचे केस बारीक असतात, ते वेगळं. पण मोठ्या मुलीनं एकाएकी केस उतरवले म्हणजे सुतक.

"आईनं मला असं पाहिलं तर तिला वाटेल घरात कोणी गेलं आणि तिच्यापासून लपवलंय. नाहीतर वाटेल की मी तिचंच सुतक आधी धरलं."

मला पुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. माझ्या थोरल्या भावानं एकदा पुण्यात नोकरी लागली म्हणून काढली होती, तर आईनं त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. मी कात्री परत कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"वेण्या सोडून टाकल्या तर?" मी विचारलं.

"मग अजून मोठे होतात केस. आणि या घालायला पूर्ण शनिवार लागला होता."

दुसऱ्या दिवशी मी घरून खोबरेल तेल आणि आकडे घेऊन गेले. माझे केस लांब आहेत, मी रोज घट्ट अंबाडा घालते आणि टोपी नीट बसते. मला वाटलं, एवढं काय त्यात. शिफ्टच्या आधी तिला बाकावर बसवून मी तेल लावलं, वेण्या ओढून पीळ दिला, आकडे खोचले. झाला तो एवढा मोठा अंबाडा की मागून तिची मान दिसेना. टोपी लावली तर रबर सटकून माझ्याच कपाळावर आलं. क्लारिसनं आरशात पाहिलं.

"मामाँ, आता दोन डोकी झाली. दोन टोप्या मागू या."

आम्ही दोघी हसलो. मग ती तेल पुसत रडायला लागली.

मी म्हटलं, "तुमच्या ग्रुपला सांग."

या ग्रुपविषयी सांगायला हवं. आमच्या युनिव्हर्सिटीत काळ्या मुलामुलींची एक संघटना आहे. काही आफ्रिकेतून शिकायला आलेली, काही इथंच जन्मलेली. बुधवारी ती मुलं मेन्सात खिडकीजवळच्या लांब टेबलावर एकत्र जेवतात. मला त्यांची माहिती फक्त ट्रेवरून होती. बुधवारी खूप ट्रे एकदम येतात आणि त्यावर तिखट सॉसच्या रिकाम्या पुड्या असतात, एवढंच. मला वाटायचं की गाणीबजावणी करणारं मंडळ असेल. क्लारिसमुळे बाकीचं कळलं. नवीन मुलगा आला तर स्टेशनवर घ्यायला जातात. खोली मिळेपर्यंत कोणाकडे तरी झोपायची सोय करतात. शनिवारी वसतिगृहाच्या खोलीत मुली एकमेकींच्या वेण्या घालतात, कारण गावात ते येणारं कोणी नाही. आणि त्यांचा एक नियम आहे. कोणाला कुठल्याही ऑफिसात बोलावलं तर त्यानं एकट्यानं जायचं नाही. दुसरं कोणीतरी बरोबर जाऊन बसतं.

"नको," क्लारिस म्हणाली. "त्यांच्या परीक्षा आहेत. आणि चारजण आले तर हेर ब्रांट अजून चिडतील."

घरी मी यांना सांगितलं. हे इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत.

"अहो, त्या पोरीचं काम जाईल."

"तू मधे पडू नकोस," हे म्हणाले. "नऊ वर्षं कोणाला दिसली नाहीस म्हणून तिथं टिकलीस."

हे खोटं नव्हतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तेव्हाही बाईंनी नाव घेतलं की मान खाली जायची. मेन्सात इतकी वर्षं झाली पण वर हॉलमध्ये मी जेवणाच्या वेळी कधी गेले नव्हते.

बुधवारी गेले. ओला ॲप्रन तसाच होता. लांब टेबलाजवळ जाऊन उभी राहिले तर सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं मी ट्रे उचलायला आले. एका मुलानं आपला ट्रे माझ्यापुढे सरकवलासुद्धा.

"लेआ कोण?" मी विचारलं. क्लारिसच्या बोलण्यात हे नाव यायचं. ती ग्रुपची अध्यक्ष.

टेबलाच्या टोकाची एक उंच मुलगी उठली. तिनं मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं. टोपी, केस, सोमवार, आई. मधे शब्द अडला की ती थांबायची, तो शब्द स्वतः पुरवायची नाही. मला त्याचा आधी राग आला, नंतर बरं वाटलं.

"क्लारिसनं तुम्हाला पाठवलं?"

"नाही. ती नको म्हणते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ती असंच म्हणणार," लेआ म्हणाली. "मी तिच्याशी बोलते."

त्या दिवशी क्लारिस माझ्याशी बोलली नाही. पट्टा बंद झाल्यावर एवढंच म्हणाली, "मामाँ, ती गोष्ट माझी होती." तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी हेर ब्रांटनी तिला ऑफिसात बोलावलं. बरोबर लेआ आली. त्यांचं ऑफिस कोठारामागे आहे, एक टेबल आणि दोन खुर्च्या; तिसरी लेआनं कोठारातून आणली. त्यांनी मलाही बोलावलं. "फ्राऊ शिंदे, तुम्ही पट्ट्यावरच्या जुन्या आहात, तुम्ही पण बसा." खुर्ची उरली नव्हती, मी दाराशी उभी राहिले.

"आल्झो, तर मग," हेर ब्रांट लेआकडे बघून म्हणाले, "तुमचं जर्मन फारच छान आहे. कुठून आलात?"

"वोल्फेनब्युटेल."

"नाही, म्हणजे मुळात?"

"मुळात वोल्फेनब्युटेलच्या दवाखान्यातून," लेआ म्हणाली. हा गाव इथून बसनं जवळच आहे. हेर ब्रांटनी चष्मा पुसला.

मग ते तिलाच सांगायला लागले. तपासणी, नियम, केस पडला तर काय होतं. लेआनं मान डोलावली आणि म्हणाली, "हे क्लारिसला सांगा. ती इथं आहे."

"तिला सांगितलंय. ती काही बोलत नाही."

यावर लेआही काही बोलली नाही. मला वाटलं, हिला एवढं जर्मन येतं, मग ही बोलत का नाही? ही आली कशाला? भिंतीपलीकडे फ्रिजचा आवाज येत होता. लेआ फक्त बसली होती, क्लारिसच्या खुर्चीला खुर्ची लावून, आणि टेबलाकडे बघत होती.

मग क्लारिस बोलली. हळूहळू, एकेक शब्द ठेवत. आईबद्दल सांगितलं. त्यांच्याकडे डोकं कधी भादरतात ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी केस मोकळे ठेवायला मागत नाही. मला माझे केस मावतील अशी टोपी पाहिजे."

"आईचं ऐकून वाईट वाटलं," हेर ब्रांट म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं. पण टोप्या खोक्यातून येतात. एकाच मापाच्या."

"कोणाच्या मापाच्या?" लेआनं विचारलं. तिनं तेवढं एकच वाक्य वापरलं. हेर ब्रांटचे कान लाल झाले.

क्लारिसनं पिशवीतून एक कापडी टोपी काढली. ग्रुपमधली एक मुलगी दवाखान्यात नर्सचं काम शिकते. ऑपरेशनच्या खोलीत लांब केसवाल्या तसल्या मोठ्या टोप्या घालतात, गरम पाण्यात धुवायच्या. क्लारिसनं ती तिथंच घातली. सगळ्या वेण्या आत गेल्या.

"मी घरची वस्तू चालवून घेऊ शकत नाही," हेर ब्रांट म्हणाले. "स्वच्छता बघणाऱ्या बाईंना विचारावं लागेल."

"विचाराल?" क्लारिसनं विचारलं.

"विचारतो. तोपर्यंत शिफ्ट नाही." मग ते माझ्याकडे वळले. "फ्राऊ शिंदे, केसांबद्दल तुमचं काय मत?"

माझ्या तोंडातून आलं, "क्लारिस चांगलं काम करते."

"ते मी विचारलं नव्हतं," हेर ब्रांट म्हणाले. पण त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढचा आठवडा माझ्यासमोर दुसरा मुलगा होता, तो चमच्यांबरोबर सुऱ्या टाकायचा. क्लारिस दुपारी वर लांब टेबलावर बसायची, हे मला वरून येणाऱ्या मुलांनी सांगितलं. रोज ग्रुपमधलं कोणीतरी तिच्याबरोबर असायचं. त्यातले दोघे तिच्या विषयाचे नव्हतेच, तरी पुस्तकं उघडून बसायचे.

मग परवानगी आली. तपासणीही झाली. तपासायला आलेल्या माणसानं क्लारिसच्या टोपीकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं आणि मशीनचं तापमान विचारून निघून गेला. आता कोठारात दोन खोकी असतात, नेहमीच्या टोप्यांचं आणि मोठ्या टोप्यांचं. मोठ्या टोप्या आमची एक गोरी जर्मन मुलगीसुद्धा वापरते, तिचे केस कुरळे आहेत.

क्लारिसची आई उन्हाळा लागायच्या आधी गेली. शेवटच्या संध्याकाळपर्यंत तिनं मुलीला वेण्यांसकट पाहिलं. ती म्हणाली होती, वेण्या सैल झाल्यात, परत घालून घे. क्लारिसनं ते मला कपडे बदलायच्या खोलीत सांगितलं.

तिला घरी जाता आलं नाही. शनिवारी वसतिगृहाच्या त्याच खोलीत ग्रुपमधल्या मुलींनी तिच्या वेण्या सोडल्या आणि मग तिचं डोकं भादरलं. मलाही बोलावलं होतं. मी पिठलं-भात करून नेला, कारण सुतकाच्या घरी आमच्याकडे शेजारी जेवण नेतात. कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी खाल्लं. लेआ क्लारिसजवळ बसली होती. तिला त्यांच्या भाषेतली गाणी येत नाहीत. ती नुसती बसली होती.

सोमवारी क्लारिस कामावर आली. हेर ब्रांट दारात उभे होते. त्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. ते म्हणाले, "आज घरी जा, चालेल."

"मी काम करते," क्लारिस म्हणाली. तिनं नेहमीच्या खोक्यातली कागदी टोपी घेतली. त्या दिवशी पट्टा सावकाश चालत होता. वेग कोणी कमी केला ते मी विचारलं नाही.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकले. ऑफिसात बोलावलं तर एकटीनं जाऊ नये. बरोबरच्या माणसाला बोलता आलं नाही तरी चालतं.

गेल्या महिन्यात माझी शिफ्ट पहाटेची करायची म्हणून हेर ब्रांटनी मला बोलावलं. मी म्हटलं, क्लारिसला घेऊन येते.

"कशाला? तुमचं जर्मन आता ठीक आहे."

"बसायला," मी म्हटलं.

त्यांनी कोठारातून आणखी एक खुर्ची आणली.