तांब्याभर पाणी

चैत्रात माझं पहिलं बाळंतपण झालं. मांडवीची सुईण रोज उन्हातून चढण चढून आम्हा दोघांना न्हाऊ घालायला येई. बोले थोडं, हसे त्याहून थोडं. आधी माझ्या सुकलेल्या ओठांवरून अंगठा फिरवी.

बाळंतिणीनं दिवसाला चार घोटांवर पाणी पिऊ नये, असा सासूबाईंचा दंडक.

"काकी, तहान लागली हो, तांब्याभर पानी द्या," सुईण म्हणे. सासूबाई तांब्या ठेवून वळल्या की तो माझ्या तोंडाला लावी. "पी गो बाय. पानी नाय तर दूद कुठनं येनार?"

"हिला तहान तरी किती!" सासूबाई पुटपुटत.

सव्वा महिन्यानं मी उठले आणि तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिनं तो उभ्याउभ्या, एका दमात रिकामा केला.

रोज ती तहानलेलीच परत जात होती.