नववी खेळाडू

खो-खोत मैदानात नऊ जणी उतरतात. आठ जणींवरून आमच्या शाळेत कधी वाद झाला नाही. नववीवरून झाला, आणि असा झाला की अजून कुणी विषय काढला तरी माझं डोकं फिरतं.

मी मैंदर्गीकडच्या एका शाळेत खेळ शिकवते, सोलापूरहून एसटीनं जाते. आठवीत एक लेकरू आलं. जन्मानं मुलगा, पण कळायला लागल्यापासून स्वतःला मुलगीच म्हणणारं. घरच्यांकडं त्याला एकच शब्द होता, 'देवीचं'. केसांत जट धरली तशी त्यांनी तिला यल्लम्माच्या नावानं सोडलं, अंगावर परकर चढवला आणि विषय संपवला. असं करायला कायद्यानं बंदी आहे, हे मी सांगून बघितलं. तिची आई म्हणाली, "आमी कुटं सोडलं मॅडम, देवीनंच बोलावलं की." गावालाही ते पटलं. मंगळवारी म्हाताऱ्या बायासुद्धा तिच्या पाया पडायच्या.

तिला वेड मात्र खो-खोचं. जट फडक्यात घट्ट बांधून सरावाला यायची, आणि मुलींनी तिला आपल्यात घेतलं होतं. नववीत ती एकदम वीतभर वाढली. खांबाला वळसा घालून सुटली की कुणाच्या हाती लागेना. तालुक्याच्या सामन्याला मी तिला संघात घेतलं. त्या जागेवरची मुलगी बाहेर बसली. घरच्या शेळ्या सांभाळून सरावाला येणारी, अबोल पोरगी. तिची आई तरातरा शाळेत आली.

"मॅडम, माझी पोरगी पोरीकडून हरली असती तर मी गप बसले असते. ह्यो न्याय न्हाय."

"अहो, परवाच तुम्ही तिच्या पाया पडलात की."

"त्ये देवीचं. ह्ये पळायचं हाय."

कप्पाळ! बरं, बाईचं सगळंच चुकत होतं असंही नाही. तिच्या मुलीचे कष्ट मी रोज बघत होते. मला दोघींचंही पटत होतं आणि त्याचाच संताप येत होता. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांच्या संघात घाला. मुलांनी तिला तिथं सुखानं राहू दिलं असतं होय? स्पर्धेच्या साहेबांना विचारलं, तर ते "नियम बघावा लागेल" म्हणाले आणि बघतच बसले. सामन्याच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन जीपमध्ये खिडकीशी बसली होती. मुख्याध्यापकांनी तिला खाली उतरवलं. मी भांडले, तर म्हणाले, त्या बाईच्या मागं सगळं गाव आहे, गावाशी कोण वाकडं घेणार?

आम्ही जिंकलो. शेळ्या सांभाळणारी मुलगी फार सुंदर खेळली. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी त्या उतरवलेल्या लेकराच्या घरी गेले, म्हटलं, परत सरावाला ये म्हणून सांगावं. बघते तर अंगणात शेळ्यांवालीची आई हातात नारळ घेऊन उभी, शेजारी तिची मुलगी. "जिल्ह्याची म्याच हाय," ती हात जोडून म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव, माय." चेष्टा अजिबात नव्हती. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून मागत होती. तिची मुलगी मान खाली घालून उभी राहिली, ती वर करेचना. देवीच्या लेकरानं तिच्या कपाळाला भंडारा लावला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालं, "जिकून ये."

त्या गेल्यावर मी तणतणले. "उद्यापासून मैदानावर यायचं. बघते कोण अडवतंय ते."

ती परकराला हात पुसत म्हणाली, "कशाला मॅडम? माज्या पाया पडाय समदे येत्यात. माज्या मागं पळाय कोन न्हाय."