काचेच्या दाराबाहेर

नव्वदच्या दशकात नाशिकला मेन रोडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. झेंडू विकून झाला की एक म्हातारा शेतकरी दर शनिवारी यायचा. त्याच्या टोपीला पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. काळ्या कपड्यांतल्या एका विलायती बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट तो बोटाने दाखवायचा. नुसत्या गिटारी, आणि विहिरीतून आल्यासारखा घोगरा आवाज.

"हे लावा शेठ, अन् दार वढून घ्या," एवढं म्हणून तो बाहेर पायरीवर बसायचा, काचेच्या दाराला पाठ टेकून.

फुकट ऐकणारा, डोक्याने जरा सरकलेला, असं मी बाजारात हसत सांगत असे. माझ्यामुळे लोक त्याला तसंच समजले. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

एकदा मी दार उघडून म्हणालो, "मामा, आत बसून ऐका की. नका घेऊ विकत."

"घरी हाय ना हीच," तो म्हणाला. "पोराची. मागल्या साली मोटारसायकलच्या अपघातात गेला. खोलीचं दार लावून हेच ऐकायचा. मी बाहेरून वरडायचो, बारीक कर म्हणून. आता घरी लावली की त्याची आई लय रडती. इथं दाराबाहेर बसलं, की तो आत हाय असं वाटतं."

मी दार लावून घेतलं आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "शेठ, जरा मोठं करता का?"